मदत हवी आहे: रेल्वे स्टेशनच्या पॅनलवर (सिग्नल आणि रूळ चालवायचा बटणांचा बोर्ड) रूट म्हणजे गाडीचा लावलेला मार्ग कॅन्सल करताना १२० सेकंद नेमके कधी?
स्टेशन मास्टरचं ट्रेनिंग भुसावळला झालंय, आता पॅनल शिकतोय. सिग्नल आणि रूटचं बटण एकदम दाबून रूट लावणं, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) नॉर्मल-रिव्हर्स हे जमतंय, अडतंय कॅन्सलेशनला. सिग्नल लाल केला तरी रूट लॉकच राहतो हे कळलं, पण पुढे इमर्जन्सी कॅन्सल केल्यावर एखादा रूट लगेच सुटतो आणि एखाद्याला १२० सेकंद थांबावं लागतं. स्टेशन वर्किंग रूल वाचले, सीनियर म्हणतात सवयीने कळेल, पण मला कारण समजूनच बटण दाबायचंय, समोर गाडी असते. पॅनल जुनं रिलेवालं आहे, व्हीडीयू (कॉम्प्युटर स्क्रीन) नाही, आणि दर वेळी काउंटर वाढतो, रजिस्टरला नोंद करावी लागते म्हणून उगाच दाबून बघता येत नाही. तर हे फक्त अ‍ॅप्रोच ट्रॅकवर (सिग्नलच्या आधीच्या रुळावर) गाडी आहे की नाही यावर ठरतं, की डेड अ‍ॅप्रोच लॉकिंगवाल्या (सिग्नल दिल्याबरोबर रूट लॉक होतो अशा) सिग्नलला गाडी नसली तरी थांबावंच लागतं? आणि कुठल्या सिग्नलला कुठलं लॉकिंग हे कुठल्या कागदावर बघायचं?