विषय: डिकीतली जुनी, कोरी स्टेपनी लावू का?

नमस्कार मंडळी,
मागच्या डाव्या टायरला फुगा आलाय, तो बदलायचाच आहे. डिकीत पूर्ण आकाराची स्टेपनी आहे. गाडीबरोबर आलेली, एकदाही रस्त्याला लागलेली नाही. नक्षीवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत! तीच कायमची लावावी म्हणतोय. घरून विरोध आहे. रोजचा प्रवास हायवेचा.

---

उत्तर: घरचं ऐका.

टायर झिजतो तसा नुसता पडूनही म्हातारा होतो. रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तेव्हा ती वर येत राहतात. डिकीत बसून राहिलेल्या स्टेपनीला हा व्यायाम नाही. शिवाय आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू रबरातून झिरपत बाहेर पडतो आणि जाता जाता ते कडक करत जातो. डिकीतली उष्णता हे काम आणखी भराभर करते. वरून काहीच दिसत नाही. मग एके दिवशी वेगात टायर तापतो आणि नक्षीचा थर पोलादी पट्ट्यांपासून सुटून येतो. त्यामुळे केस शाबूत असण्याला काही अर्थ नाही.

वय बघा. कडेवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे: ३४११ म्हणजे २०११चा ३४वा आठवडा. पूर्ण कोड कधीकधी एकाच बाजूला असतो, तेव्हा स्टेपनी उलटीही करून पाहा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा. त्याचा झोपाळा करा. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशलँ ही टायर कंपनी कमाल मर्यादा १० वर्षं सांगते, आणि त्यात स्टेपनीही धरते.

---

उत्तर: मी १५ वर्षांची स्टेपनी लावून दोन वर्षं फिरलो. काही झालं नाही. हल्ली उगाच घाबरवतात.

---

उत्तर: काका, तुम्ही सुखरूप आहात हे उत्तमच. पण २०१२ साली ब्रिटनमध्ये एका कोच बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघं गेले. टायर १९ वर्षांचा, खुद्द कोचपेक्षा जुना. तेव्हा तिथे टायरच्या वयाला कायद्याची मर्यादाच नव्हती. फेब्रुवारी २०२१पासून तिथे १० वर्षांवरचे टायर बस-लॉरीच्या पुढच्या चाकांना चालत नाहीत.

अडलंच तर स्टेपनीला भेगा नाहीत ना हे पाहून, हवा भरून, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. भेगा असतील तर टोइंगवाल्याला बोलवा. आणि गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल, तर एकच नवा टायर टाकण्याआधी मेकॅनिकला विचारा. चाकांच्या घेरात फरक पडला तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

---

उत्तर: स्टेपनी उलटी केली. २८११! हवा मोजली तर जेमतेम १४ पीएसआय. मागचे दोन्ही टायर आणि स्टेपनी, तिन्ही नवे घेतोय. घरी अजून सांगितलेलं नाही.