मदत हवी आहे: लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालेल्यांनी मोठेपणी दाखवायचं कुठे? (ठाणे / नवी मुंबई)

कळवेकरीण:
वय ३५. जन्मापासून टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. घरात सगळे 'हार्टला भोक होतं, बुजवलं' एवढंच म्हणतात, पण भानगडी चार असतात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड. १९९१ला एक छोटं ऑपरेशन झालं, १९९६ला मोठं. त्याआधी मी चार पावलं चालले की रस्त्यातच उकिडवी बसायचे आणि ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसायचे, असं आई सांगते. नंतर बरी झाले, तरी पीटीच्या तासाला बाई बाकावरच बसवायच्या. लंगडी मला अजून येत नाही!

अठरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी दाखवत होतो. मग मुलांचे डॉक्टर म्हणाले, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोठ्यांचे म्हणाले, ऑपरेशन झालंय ना, मग कशाला येता? मीही खूश. नोकरी, लग्न, मुलगी सगळं झालं. (ती पोटात असताना विसाव्या आठवड्यात तिच्या हृदयाची सोनोग्राफी करून घेतली होती, ठीक आली.)

आता मुद्दा. ऑफिस ऐरोलीला. ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवरची गाडी पकडायला पुलाचा जिना चढावा लागतो. दिवाळीपासून मध्येच थांबते आणि फोन बघत असल्याचं नाटक करते. कधी कधी छातीत फडफड होते. जवळच एको (हृदयाची सोनोग्राफी) केला. पल्मोनरी व्हॉल्व्हची (फुप्फुसाकडच्या वाटेवरच्या झडपेची) गळती 'सिव्हिअर', उजवा कप्पा मोठा. डॉक्टर म्हणाले, तुमच्यात असं असतंच, वर्षाने या. मला हे पटत नाहीये.

जुने कागद नाहीत. २६ जुलै २००५ला तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, फाइलचा लगदा झाला. हॉस्पिटल म्हणतं, इतकं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही. कागदांशिवाय नवीन डॉक्टर काही सांगू शकतील का? आणि जायचं कोणाकडे?

खारघरची_आई:
ताई, माझ्या मुलाचं ऑपरेशन इथेच खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीत झालं, एक रुपया घेतला नाही. पण ते मुलांसाठी आहे. तुमचं वाचून पोटात गोळा आला. आम्हाला वाटत होतं, एकदा झालं की सुटलो.

एकोवाला_वाशी:
मी डॉक्टर नाही, एको टेक्निशियन आहे, तेवढंच धरा. त्या काळी अरुंद वाट मोकळी करताना बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या कड्यावरच चीर देऊन पॅच लावायचे. वाट मोकळी होते, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. वीस-तीस वर्षं उजवा कप्पा ही गळती निमूट सोसतो, मग ताणला जातो. म्हणजे तुमचं ऑपरेशन बिघडलं असं नाही, त्याचा पुढचा हप्ता आलाय. किती ताणलाय ते एकोत नीट मोजता येत नाही, त्याला कार्डिॲक एमआरआय लागतो. फडफडीसाठी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोक्यांची सलग नोंद घेणारं यंत्र. दोन्ही बघून नवीन व्हॉल्व्हचं ठरवतात. काहींना तो जांघेतून, छाती न उघडता बसवता येतो. वर्षभर थांबू नका. आणि भोवळ आली, शुद्ध हरपली तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

कोणाकडे म्हणाल तर जन्मजात हृदयविकाराचेच डॉक्टर हवेत, वय कितीही असो. मुलांचे हार्टवाले पुष्कळ जण मोठ्यांनाही बघतात. फोनवर आधी विचारा, 'ॲडल्ट कंजेनिटल बघता का?' 'हार्ट स्पेशालिस्ट' एवढंच विचारलंत तर पुन्हा ॲंजिओप्लास्टीवाल्यांकडेच जाल.

एक विचारतो. व्रण किती आणि कुठे आहेत? बीपी कोणत्या हातात घेतात?

कळवेकरीण:
छातीवर मधोमध एक आणि उजव्या काखेखालून पाठीकडे गेलेला एक. बीपीची गंमतच आहे. उजव्या हातात खूप कमी येतं. सिस्टर दर वेळी मशीन बदलतात, मग डाव्या हातात घेतात. उजव्या मनगटाची नाडीही मला कधी सापडत नाही. मला वाटायचं माझी नसच बारीक.

एकोवाला_वाशी:
तेच विचारायचं होतं. काखेखालचा व्रण बहुतेक १९९१च्या शंटचा, म्हणजे फुप्फुसाला जास्त रक्त पोचवणाऱ्या जोडवाटेचा. ब्लॅलॉक-टॉसिग शंटच्या जुन्या पद्धतीत हाताला जाणारी धमनी कापून फुप्फुसाच्या धमनीला जोडायचे. हाताला रक्त आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून मिळतं, म्हणून नाडी लागत नाही. फाइल भिजली तरी हात सांगतोय. नवीन डॉक्टरांना हे पहिल्या मिनिटाला सांगा आणि बीपी कायम डाव्या हातात घ्यायला लावा. बाकीचं एमआरआय किंवा सीटीत बरंच दिसतं. आईला बसवून जे आठवेल ते तारखांसकट लिहून काढा.

नौपाडा_काका:
अर्जुनारिष्ट घ्या, मला फायदा झाला.

एकोवाला_वाशी:
काका, तुमचं दुखणं वेगळं, यांचं वेगळं. ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

कळवेकरीण:
आईला फोन केला. ती म्हणाली, 'पहिल्या ऑपरेशननंतर तुझा उजवा हात गार पडायचा, मी थंडीत त्यालाच मोजा घालायचे.' पस्तीस वर्षांत हे कधी बोलली नव्हती!

परळला एका जन्मजातवाल्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. त्यांनी एमआरआय करूनच यायला सांगितलंय. छातीच्या हाडाला तारा आहेत, मशीनमध्ये चालतात का?

एकोवाला_वाशी:
सहसा चालतात. तिथल्या माणसाला आधी सांगा, फॉर्मवर लिहा. मंगळसूत्र घरी ठेवा.