विंचवाचे पेपर आणि बढतीचे पेपर

पाणथळ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर डॉक्टर म्हणून थोर, पण त्यांचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, हे नुसतं अनुभवकथन. कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ते औषध न दिलेले पेशंट, कुठाय?" वाचून डोकंच फिरलं. लाल विंचू चावला की घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी हे टिपलं, १९८२ ला लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, म्हणून रक्तदाबाचं प्राझोसिन दिलं. १९८६ ला तेही लॅन्सेटमध्ये. संशोधन आणखी कशाला म्हणतात?

नमुनासंख्या: लिहिणारा मीच. मृत्यू ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले, हे सगळे सांगतात. पण त्याच काळात रस्ते झाले, जीपगाड्या आल्या, पेशंट लवकर पोचू लागले. त्यात गोळीचा वाटा किती? आधी-नंतरची तुलना हा कच्चाच पुरावा.

भातखाचर: आमच्या वाडीला रस्ता नव्हताच. कापणीत पेंढा उचलताना माझ्या चुलत्यांना चावला. डोलीतून नेलं. बनियन पिळून निघेल एवढा घाम, बोटं बर्फासारखी. तीन-तीन तासांनी तीच गोळी दिली. चौथ्या दिवशी काका चालत घरी आले.

नमुनासंख्या: काका वाचले, बरं झालं. पण जे गेले त्यांचे पुतणे इथे लिहायला येत नाहीत.

भातखाचर: जिभेला काही हाड? वाडीत गेलेली माणसं मी मोजलीत, तुम्ही नाही.

निवासी३: पेपरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या थिसिसचे १२० फॉर्म मी रात्रपाळीत भरले. छापून आलं तेव्हा पहिलं नाव गाइडचं, दुसरं विभागप्रमुखांचं, माझं चौथं. आणि जर्नलची फी भरली माझ्या स्टायपेंडमधून.

जुनाखडू: पोरी, तुझ्यावर अन्यायच झाला. पण आमचंही ऐक. २०१५ ला मेडिकल कौन्सिलने प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपरवरची पहिली दोनच नावं धरली. तेव्हापासून विभागात नावांवरून भांडणं. चांगली शिकवणारी माणसं पेपराअभावी अडकली.

निवासी३: सर, अडकलेल्यांनी आमची नावं खाली ढकलायची?

जुनाखडू: मी कधी ढकललं नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस.

निवासी३: तुम्ही नसेल. पण समोर होत होतं तेव्हा बोललात का?

पाणथळ: अहो, विंचवावर या. बावस्करांच्या बऱ्याच पेपरांवर दोनच नावं असायची, त्यांचं आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनींचं. बढती नव्हतीच कुठे. आणि कंट्रोल ग्रुप हवा होता ना? २०११, बीएमजे हे ब्रिटिश वैद्यकीय जर्नल, पेपर बावस्करांचाच. रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कुणाला कोणते उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, ७० पेशंट. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.

नमुनासंख्या: ७० म्हणजे लहानच, शिवाय ओपन लेबल, म्हणजे कुणाला काय दिलं ते सगळ्यांना माहीत. तरी ज्या गोळीने नाव झालं ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच छापलं. असं करणारे मी फार पाहिले नाहीत. "अनुभवकथन" हा शब्द मागे घेतो. १ टक्क्याच्या आकड्यावरचा आक्षेप मात्र कायम.

भातखाचर: आणि पुतण्यांचं वाक्य?

नमुनासंख्या: तेही लिहायला नको होतं.