मदत हवी आहे: शिक्षणानुसार पुरुषांचे मृत्युदर काढले, पण क्रम उलटा येतो आहे

आकडेमोड: कमावत्या वयातील पुरुषांचे मृत्युदर शिक्षणाच्या पातळीनुसार काढतो आहे. शिक्षण कमी तितके अकाली मृत्यू अधिक, असेच सर्वत्र वाचले आहे. माझ्याकडे मात्र शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांपेक्षा माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांचा दर जास्त दिसतो. सूत्रे तपासून झाली आहेत. चूक नेमकी कुठे शोधावी, एवढेच कृपया सांगावे. घाई आहे.

मंदार_व: वयोगट कोणता, वयानुसार प्रमाणीकरण (म्हणजे सर्व गटांची वयरचना सारखी धरून दर काढणे) केले आहे का, आणि मृत्यू व लोकसंख्या यांचे आकडे एकाच स्रोतातले आहेत का? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

निरामय: माझ्या मते मूळ मुद्दा दारू आणि तंबाखूचा आहे. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ वर्षांच्याही खाली घसरले, त्याची सर्वाधिक झळ कमी शिकलेल्यांना बसली आणि त्यात दारूचा वाटा फार मोठा होता. व्यसने आधी मोजा.

सुमेधा: निरामय, केवळ व्यसनांनी हा फरक उलगडत नाही. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरीतील पुरुषांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात सगळेच सरकारी कार्यालयांतील नोकरदार असूनही श्रेणी उतरत जाते तसा मृत्युदर चढत गेलेला दिसला, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे विचारात घेऊनही त्यातला निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला.

निरामय: तो अभ्यास नोकरीच्या श्रेणीचा होता, शिक्षणाचा नव्हे. त्याच ब्रिटनमध्ये १९४७ साली सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा १४ वरून १५ केली गेली, तरी त्यामुळे मृत्युदर फारसा घटल्याचे नंतरच्या संशोधनात आढळले नाही.

आकडेमोड: कारणांची चर्चा मी मागितलेली नाही. वय २५ ते ६४, प्रमाणीकरण केलेले नाही, मृत्यू नोंदणीतून आणि लोकसंख्या जनगणनेतून घेतली आहे. यात वावगे काय?

मंदार_व: इथेच गोम आहे. कमी शिकलेले पुरुष सहसा वयाने मोठे असतात, म्हणजे प्रमाणीकरण न केल्याने त्यांचा दर उलट फुगायला हवा होता. प्रमाणीकरण अवश्य करा, पण त्याने हा उलटा क्रम बहुधा आणखीच ठळक होईल. खरा दोष अंश (मृत्यू) आणि छेद (लोकसंख्या) यांच्या विसंगतीत असावा. जनगणनेत जिवंत माणूस किंवा त्याचे कुटुंब शिक्षण सांगते, मृत्यूच्या नोंदीत ते शोकात असलेला नातेवाईक सांगतो, आणि अर्धवट राहिलेली शाळा अनेकदा ‘पूर्ण’ म्हणून लिहिली जाते. त्यामुळे खालच्या गटातले मृत्यू वरच्या गटाच्या खात्यात जमा होतात. हा दोष टाळण्यासाठीच अमेरिकेत किटागावा आणि हाउझर या संशोधकांनी १९६० मधील मृत्युदाखले त्याच वर्षीच्या जनगणनेतील नोंदींशी व्यक्तिशः जुळवले होते.

आकडेमोड: माझ्या नोंदी तशा जुळवता येणार नाहीत.

सुमेधा: मग शाळा अर्ध्यावर सोडलेले आणि माध्यमिक पूर्ण केलेले हे दोन्ही गट एकत्र करून पदवीधरांशी तुलना करा.

मंदार_व: सहमत, मात्र सर्वांत खालचा गट त्यात लपतो, आणि धोका त्यालाच सर्वाधिक असतो; म्हणून गट का जोडले ते तक्त्याखालीच स्पष्ट लिहा. शिवाय शिक्षण न नोंदवलेले मृत्यू किती आहेत आणि ते आपण कोणत्या गटात धरले आहेत?