दिवसभर पोती उचलणाऱ्याला कंबरेचा व्यायाम कशाला?

गोदामव्यवस्थापक :
आमच्या गोदामात रेल्वेच्या मालधक्क्यावरून आलेले खत उतरवले जाते. युरियाचे पोते ४५ किलोचे आणि डीएपीचे ५० किलोचे असून, २२ हमालांची टोळी ती पाठीवर घेऊन ट्रकपासून थप्पीपर्यंत नेते. गेल्या हंगामात सहा जणांच्या कंबरेत उसण भरली. कामाच्या वेळेतच रोज दहा मिनिटे व्यायाम घ्यावा असे मी सुचवले, तेव्हा मुकादमांनी शीर्षकातला प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फिजिओथेरपिस्ट, सांगली :
मुकादमांचा प्रश्न रास्त आहे. हमालीत तीच हालचाल शेकडो वेळा होते आणि विसावा केव्हा घ्यायचा हे हमालाच्या हाती नसते. त्यामुळे पाठीचे स्नायू बळकट होण्याऐवजी थकतात, आणि थकलेल्या स्नायूंनी सोडलेला भार मणक्यांमधील चकत्यांवर व अस्थिबंधांवर येतो. व्यायामात मात्र भार, वेळ आणि विसावा हे तिन्ही आपण ठरवतो.

डेन्मार्कमध्ये रुग्णालयांतील २०० महिला कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे, आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटे कामाच्या ठिकाणी एकत्र व्यायाम करणाऱ्या गटाच्या वेदना घरी व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाल्या आणि पाठीची ताकदही वाढली. त्या रुग्ण उचलणाऱ्या होत्या, पोती नव्हे. तरी तुलना अगदीच गैरलागू नाही.

तीन प्रकार पुरेत : हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात व पाय लांब करणे, कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर उचलून धरणे, आणि उताणे झोपून नितंब उचलणे. प्रत्येक स्थिती सुमारे दहा सेकंद धरावी व हळूहळू आवर्तने वाढवावीत. सकाळी आल्या आल्या वाकून पायाचे अंगठे धरायला मात्र लावू नका. रात्रभर पाणी शोषून चकत्या फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकण्याचा ताण त्यांना अधिक बसतो. आपल्याकडच्या कवायतीची सुरुवात नेमकी तिथूनच होते!

माथाडी कार्यकर्ता :
हमालाला पोत्यामागे मजुरी मिळते, म्हणजे ही दहा मिनिटे त्याच्याच खिशातून जाणार. त्या वेळेची मजुरी धरली नाही, तर आठवड्याभरात कोणीही व्यायामाला उभा राहणार नाही आणि दोष मात्र हमालांच्या आळसाला दिला जाईल. शिवाय पोत्याचे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा आहे, पण अमेरिकेतील नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रानुसार अगदी अनुकूल स्थितीतही उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलोच येते. कंबर कितीही बळकट केली, तरी ५० किलो हे ५० किलोच राहतात.

गोदामव्यवस्थापक :
मजुरीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. दहाच्या चहानंतर व्यायाम घ्यावा आणि त्या वेळेचे पैसे टोळीच्या सरासरीने द्यावेत, असा प्रस्ताव मालकांपुढे ठेवतो. ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटाही बांधून घेता येईल. मालक कंबरपट्टे घेऊन देतो म्हणतात, ते घ्यावेत का?

फिजिओथेरपिस्ट, सांगली :
नुसत्या पट्ट्याने कंबरदुखी टळते असे अभ्यासांत आढळलेले नाही. तो पैसा ओट्याला लावा. ज्यांची उसण ताजी आहे त्यांना तपासणीशिवाय व्यायामात घेऊ नका. कोणाच्या पायात बधिरपणा उतरत असेल, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्या.