मेकफाईल सोडून मेसनवर जावं का? छोट्या फर्मवेअर टीमसाठी सल्ला हवाय

भोसरी_फर्मवेअर:
नमस्कार मंडळी. आमची भोसरी एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, पॅनलवर बसणारे टेंपरेचर-प्रेशर कंट्रोलर बनवतो, सगळा कोड सी मध्ये आणि चिप एआरएम कॉर्टेक्स. मेकफाईल (मेक नावाच्या बिल्ड टूलला कशातून काय बनवायचं ते सांगणारी फाईल) फार पूर्वी कोणीतरी लिहिलेली, तो माणूस आता नाही आणि तिला हात लावायला सगळेच घाबरतात. परवा काय झालं, हेडरमधल्या (अनेक सी फाईली जी वाटून घेतात त्या फाईलीतल्या) चॅनलच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे डेटाच्या साच्यात, मधेच एक नवीन फील्ड टाकलं, एक-दोन सी फाईलींत बदल केले, मेक मारलं, एरर नाही वॉर्निंग नाही, बोर्डवर टाकलं तर स्क्रीनवर सगळं बरोबर पण मॉडबसवर (कंट्रोलरमधले आकडे दुसऱ्या मशीनला द्यायची पद्धत) टेंपरेचरच्या रजिस्टरला भलताच आकडा. मग काय, वायरिंग तपासा, कन्व्हर्टर बदलून बघा, शेवटी एकाने क्लीन मारून (आधी बनलेल्या फाईली पुसून) परत बिल्ड केलं आणि सगळं नीट झालं. तेव्हापासून साहेबांनी नियम केलाय की दरवेळी आधी क्लीन मारायचं. मला हे पटत नाहीये, कारण आजार काय ते कळलंच नाही ना अजून.

मला असं काहीतरी साधं हवंय की ह्या ह्या फाईली आहेत, ह्यातून हे बनव, एवढंच लिहायचं आणि नवीन आलेल्या पोरालाही वाचून कळलं पाहिजे. मेसन नावाच्या बिल्ड टूलबद्दल ऐकलंय. कोणी फर्मवेअरला वापरलंय का? आमच्याकडे दोघं विंडोजवर आहेत, बाकी उबुंटूवर.

कर्वेनगर_सीवाला:
टूल बदलायच्या आधी आजार समजून घ्या, सोपा आहे. तुमच्या मेकफाईलमध्ये ऑब्जेक्ट फाईल (सी फाईल कंपाईल होऊन बनते ती) फक्त सी फाईलवर अवलंबून आहे असं लिहिलंय, हेडरचा पत्ताच नाही. म्हणजे हेडर बदललं तरी मॉडबसची सी फाईल जुनीच, मग मेक म्हणणार हिला परत कंपाईल कशाला करू. डिस्प्लेच्या ऑब्जेक्टमध्ये स्ट्रक्टचा नवा लेआउट, मॉडबसच्या ऑब्जेक्टमध्ये जुना, आणि दोघं एकच मेमरी वाचतायत. लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाईली जोडून एक प्रोग्रॅम करणारा, फक्त नावं जुळवतो, स्ट्रक्टच्या आत काय आहे ते तो बघतच नाही, त्यामुळे एरर येणारच नाही. मेकची ह्यात काही चूक नाही, त्याला जेवढं सांगितलंय तेवढं तो इमानदारीत करतोय.

मजबूत उपाय जीसीसी कंपायलरमध्येच आहे. कंपाईलच्या फ्लॅगमध्ये डॅश एमएमडी आणि डॅश एमपी टाका. कंपायलर प्रत्येक सी फाईलबरोबर एक डॉट-डी फाईल काढून देतो, त्यात त्या फाईलने कुठले कुठले हेडर घेतले त्याची यादी मेकच्याच भाषेत असते. मग मेकफाईलच्या शेवटी त्या सगळ्या डॉट-डी फाईली इन्क्लूड करायच्या, इन्क्लूडच्या आधी एक डॅश लावायचा म्हणजे पहिल्या बिल्डला त्या नसल्या तरी मेक थांबत नाही. एमपी कशाला, तर उद्या एखादं हेडर डिलीट केलं तर "हे बनवायचा रूल नाही" म्हणून मेक अडून बसू नये म्हणून. एकदाच काय ते क्लीन मारा, पुढे गरज नाही.

आणि एक सांगतो, मेक जन्मालाच ह्या दुखण्यामुळे आलं. १९७६, बेल लॅब्ज. याक हे पार्सर बनवायचं टूल लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एक अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्रॅम डीबग करत बसले होते, बग केव्हाच दुरुस्त झालेला पण ती फाईल परत कंपाईलच झाली नव्हती, जुनंच ऑब्जेक्ट लिंक होत होतं. ते वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले आणि त्यातून फेल्डमननी मेक लिहिलं. म्हणून मेकला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत.

बाणेर_बिल्ड:
दादांनी कारण अगदी बरोबर सांगितलंय, पण टूलच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. मेकमध्ये बरोबर वागायचं असेल तर हे सगळं आपल्याला माहीत असावं लागतं. एमएमडी, एमपी, डॅशवालं इन्क्लूड, फोनी टार्गेट (क्लीनसारखं, ज्यातून फाईल बनत नाही ते), रूलमधल्या कमांडच्या ओळीला टॅबच हवा, स्पेस चालणार नाही. ज्याला माहीत नाही त्याची मेकफाईल चालते पण चुकीची चालते, आणि तुमच्याकडे तेच झालंय. शिवाय फ्लॅग बदलले, समजा ऑप्टिमायझेशन बदललं, तर मेकला ते कळत नाही, ते फक्त फाईलींच्या वेळा बघतं.

मेसनमध्ये प्रोजेक्टचं नाव आणि भाषा ही एक ओळ, आणि एक्झिक्युटेबलचं नाव आणि फाईलींची यादी ही दुसरी, झालं. हेडरचा हिशोब आपोआप ठेवला जातो. मेसन स्वतः कंपाईल करत नाही, ते निंजा नावाच्या दुसऱ्या टूलसाठी फाईल बनवतं आणि पुढचं निंजा करतं. निंजा इव्हान मार्टिनने क्रोमच्या बिल्डसाठी लिहिलं, ते मागच्या वेळची कमांडसुद्धा लक्षात ठेवतं, त्यामुळे फ्लॅग बदलला की त्या फाईली परत कंपाईल होतातच. प्रोसेसरचे सगळे कोअर आपणहून वापरतं, मेकसारखं डॅश जे वगैरे सांगायला लागत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे मेसनच्या भाषेत मुद्दाम कमी ताकद ठेवलीये. स्वतःचं फंक्शन लिहिताच येत नाही. हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात, पण त्यामुळेच कोणी हुशारी करून बिल्ड फाईलचा दुसरा प्रोग्रॅम करून ठेवत नाही. आणि खेळणं समजू नका, जुसी पक्कानेनने २०१३ मध्ये आणलं, लिनक्सचं सिस्टमडी २०१७ मध्ये त्यावर गेलं, जीनोम डेस्कटॉप आहे, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आवृत्ती १६ पासून त्याची सोय आहे. विंडोजवर पण चालतं, पायथॉन ३ आणि निंजा असलं की बास.

भोसरी_फर्मवेअर:
दोघांचे मनापासून आभार, एमएमडी लगेच टाकलं आणि हेडर नुसतं टच करून (फक्त त्याची वेळ बदलून) बघितलं, ज्या फाईली त्याला घेतात तेवढ्याच कंपाईल झाल्या, बाकीच्या हलल्या नाहीत, फार बरं वाटलं बघून. ताई, मेसनबद्दल अजून विचारतो, आमची लिंकर स्क्रिप्ट आहे (चिपच्या मेमरीत कोड कुठे बसवायचा ते सांगणारी), शेवटी चिपवर टाकायची हेक्स फाईल लागते, आणि मेकमध्ये वाइल्डकार्डने, म्हणजे नावं न लिहिता, सगळ्या सी फाईली उचलतो, हे तिकडे कसं करायचं?

बाणेर_बिल्ड:
क्रॉस फाईल म्हणून वेगळी फाईल करायची, त्यात एआरएमचा जीसीसी, ऑब्जकॉपी (हेक्स काढून देणारं टूल) यांची नावं आणि चिपची माहिती. विंडोज-उबुंटू दोघांना तीच चालते, कंपायलर पाथमध्ये असला की झालं.

लिंकर स्क्रिप्ट लिंक आर्ग्युमेंटमध्ये द्यायची, पण तेवढ्यावर थांबू नका, लिंक डिपेंड्समध्ये पण तीच फाईल लिहा. नाहीतर स्क्रिप्टमध्ये मेमरीचा आकडा बदलाल आणि परत लिंकच होणार नाही, म्हणजे तुमचा हेडरवालाच घोटाळा दुसऱ्या दाराने. हेक्ससाठी कस्टम टार्गेट, त्यात ऑब्जकॉपीची कमांड, आणि बिल्ड बाय डिफॉल्ट ट्रू लिहायचं, ते राहिलं की एल्फ (लिंकरने बनवलेली फाईल) बनते आणि हेक्स बनतच नाही.

अजून एक, काही सांगितलं नाही तर मेसन डीबग बिल्ड करतं, ऑप्टिमायझेशन बंद, मग छोट्या फ्लॅशमध्ये कोड मावत नाही आणि लोक मेसनला दोष देतात. डिफॉल्ट ऑप्शनमध्ये बिल्डटाइप मिनसाइज (कोड लहान ठेवणारा) ठेवा.

वाइल्डकार्ड मेसनमध्ये नाहीच, आणि नसलेलंच बरं. तुमच्या मेकमध्येच करून बघा, एखादी सी फाईल डिलीट करा आणि मेक मारा, एल्फ परत लिंक होणार नाही, कारण यादीतून नाव गेलं पण उरलेलं काहीच नवीन नाहीये. म्हणजे काढून टाकलेला कोड बोर्डवर तसाच. हाताने यादी लिहिली की हा प्रश्नच येत नाही, आणि कमिटमध्ये पण दिसतं कोणी कुठली फाईल घातली-काढली.

कर्वेनगर_सीवाला:
वाइल्डकार्डचं ताईंचं शंभर टक्के बरोबर. मी तरी एवढंच म्हणेन की एवढ्याशा कोडला दुरुस्त केलेली मेकफाईल पुरते. पण नवीन माणसं येत-जात असतील तर मेसनच घ्या, तिथे मी वाद घालणार नाही.

पिंपरी_टेस्ट_बेंच:
एक राहिलंच. मेक काय आणि निंजा काय, फाईल बदलली का हे दोघं तिच्या वेळेवरच ठरवतात. आपल्या भागात गुरुवारी लाईट जाते, जुन्या पीसीचा बोर्डावरचा, घड्याळ चालवणारा सेल संपलेला असला की लाईट आल्यावर तारीख कुठेतरी मागे जाते आणि नेट यायच्या आत कोणी फाईल सेव्ह केली की ती ऑब्जेक्टपेक्षा जुनी दिसते. बदल केलाय पण कंपाईल होत नाही. नेटवर्क शेअरवर कोड असेल आणि दोन मशीनच्या घड्याळात फरक असेल तरी तेच. मेक कधीकधी क्लॉक स्क्यूची (घड्याळं जुळत नसल्याची) वॉर्निंग देतं, पण ती वेळ पुढची असली तरच, मागची असली तर गप्प. सगळ्या पीसींचे सेल बदलून घ्या, टाइम सिंक चालू ठेवा, आणि कस्टमरला जाणारं रिलीज मात्र नेहमी नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये गिटवरून कोड घेऊन बनवा, टूल कुठलंही असो. तुमच्या साहेबांचा क्लीनचा नियम रिलीजपुरता ठेवा.