विहिरीचं पाणी नितळ आहे, मग क्लोरीन कशाला?

निवांत: साठ घरांची आमची पाणीयोजना. एक विहीर, एक टाकी, एक पंप. पाणी असं की भांड्याचा तळ दिसतो. महिन्याभरापूर्वी समितीने ब्लीचिंग पावडर सुरू केली आणि आता चूळ भरतानाही औषधाचा वास. त्यात क्लोरीनमुळे ट्रायहॅलोमीथेन नावाची रसायनं तयार होतात, त्यांचा संबंध कॅन्सरशी लावतात. नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे १८० मिलिग्रॅम आहेत, आणखी काय हवं?

खडकफोड्या: टीडीएस मीटरला क्षार कळतात, जंतू नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, तेव्हा तिथल्या पंपाचं पाणी चवीला छान म्हणून एक बाई लांब राहत असूनही ते मुद्दाम मागवायच्या. त्याही गेल्या. ट्रायहॅलोमीथेन पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन बनतात. तुमचं पाणी म्हणता तेवढं नितळ असेल तर ती कमीच बनतील. आणि नेदरलँड्सच्या पाइपात चोवीस तास दाब असतो. तुमचा पंप किती तास चालतो?

निवांत: दोन. त्याचा काय संबंध?

खडकफोड्या: पंप बंद झाला की दाब पडतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. विहीर कितीही चांगली असली तरी.

निवांत: मग सांधे दुरुस्त करा! फुटका पाइप तसाच ठेवून औषध पाजायचं, हा कुठला न्याय?

तिसरी_तोटी: हा मुद्दा मला पटतो. पण सांधे दुरुस्त होईपर्यंत लोक पाणी पिणारच. दोन वर्षं मी स्वतः पावडर टाकलीय, वासाचं कारण बहुतेक वेळा टाकणाऱ्याच्या हातात असतं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पोतं उघडं राहिलं की तो उडतो. मग माणूस अंदाजाने दोन मुठी जास्त टाकतो. आमच्याकडे एकजण कोरडी पावडर थेट टाकीत ओतायचा! बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच टाकायची. अर्ध्या तासाने थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकून गुलाबी रंग बघायचा. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. मुठीचं माप नको.

मोजपट्टी: आणि नोंद खरी हवी. २००० साली कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावात जोरदार पावसानंतर शेणातले जंतू विहिरीत उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. क्लोरीनचं यंत्र होतं, वहीही होती. वहीतले आकडे मनाचे होते.

निवांत: मी घरी उकळून पिईन, प्रश्न मिटला.

खडकफोड्या: जंतूंपुरतं ठीक. पण नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर उकळून पाणी आटतं, नायट्रेट-फ्लोराइड तेवढंच राहतं. वर्षातून एकदा तरी प्रयोगशाळेत नमुना द्या.

निवांत: बरं, आज समितीकडे जाऊन वही मागितली. रोज ०.५, सगळं एकाच पेनाने. नोंदी तीन महिन्यांच्या आहेत. पावडर सुरू होऊन महिनाच झालाय.